नंबर देऊ नका, निरोप पोचवा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. छापताना थोडी डागडुजी केली आहे. भाषणानंतरची निवडक प्रश्नोत्तरे शेवटी दिली आहेत.)



बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला बोलायला उभे केले, की तो व्याजदरावर बोलणार असे गृहीत धरून काही मंडळी मागच्या खुर्च्यांवर, दाराजवळ बसली आहेत. त्यांनी पुढे यायला हरकत नाही. आज मी व्याजदरावर बोलणार नाही. फिक्स्ड डिपॉझिटबद्दल ज्यांना विचारायचे असेल त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळी बागेतल्या बाकावर विचारावे.

आजचा विषय आहे आपले नंबर. म्हणजे सोसायटीकडे, मंडळाकडे, ज्येष्ठ नागरिक संघाकडे, वाचनालयाकडे, वधू-वर सूचक मंडळाकडे आपण विश्वासाने लिहून दिलेला आपला फोन, पत्ता, जन्मतारीख. या संस्था नफ्यासाठी चालत नाहीत. त्या चालवणारी माणसे आपल्यातलीच असतात आणि पदरमोड करून काम करतात. म्हणूनच त्यांच्या फॉर्मवर आपण डोळे झाकून सगळे रकाने भरतो. त्या कागदाचे पुढे काय होते, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

हा विषय आजच का, तर स्मरणिका समितीपुढे एक निर्णय आहे. स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची यादी छापायची हे ठरले आहे. त्या यादीत काय काय असावे, यावर मतभेद आहेत. पहिला मसुदा मी पाहिला. प्रत्येक सदनिकेपुढे कुटुंबप्रमुखाचे नाव, दोन मोबाईल नंबर, ई-मेल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस आणि ‘मुले-मुली सध्या कुठे असतात’ असा एक रकाना. करणाऱ्यांचा हेतू अगदी चांगला आहे. ओळखी वाढाव्यात, वाढदिवसाला शुभेच्छा देता याव्यात. त्यातच एका जाहिरातदाराने पूर्ण पानाची जाहिरात देऊ केली आहे. त्याबरोबर सभासदांच्या नंबरांची एक्सेल फाइल मिळावी अशी त्यांची अपेक्षा आहे. पूर्ण पानाचे पैसे म्हणजे छपाईच्या खर्चाचा मोठा भार हलका होतो, हे मलाही कळते. मी हिशेबाचाच माणूस आहे.

तरीही माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. ती फाइल देऊ नये, आणि तो मसुदा तसाच छापू नये.

यादी हवीच

मी यादीच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. २६ जुलै २००५ ची रात्र इथल्या बहुतेकांना आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, माणसे ऑफिसात आणि रस्त्यात अडकली. त्या रात्री वॉचमनच्या केबिनमधली हाताने लिहिलेली यादी घेऊन आपली तरुण मुले जे फोन लागत होते त्यांवरून घराघरात निरोप देत होती. २०२० मध्ये करोना आला तेव्हा कोणाला डबा हवा, कोणाची औषधे संपली, एकटे कोण राहते, हे आपल्याला यादीमुळेच कळले. यादी नसेल तर संस्था म्हणजे एकाच गेटातून आत-बाहेर करणारे अनोळखी लोक.

त्याच करोनाकाळातली दुसरी गोष्टही आठवा. कितीतरी ठिकाणी रुग्णांच्या दारावर पोस्टर लागली, नावे ग्रुपवर फिरली. काळजीपोटी सुरू झालेल्या या प्रकाराचा परिणाम असा झाला, की बरे होऊन परतलेल्या माणसालाही लोक टाळू लागले. अखेर ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय घराबाहेर अशी पोस्टर लावू नयेत. माहिती तीच होती. डबा पोचवणाऱ्याच्या हातात ती मदत होती, दारावर चिकटल्यावर ती शिक्षा झाली.

म्हणजे माहिती द्यायची की नाही एवढ्याने भागत नाही. कोणाला, कशासाठी आणि कोणाला विचारून, हे पाहावे लागते.

ठेव आणि सेफ कस्टडी

आता थोडे बँकेबद्दल. बँकेत रुजू झालो त्या दिवशी कामाआधी माझी सही घेतली ती निष्ठा आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यातच तसे कलम आहे. खातेदाराच्या व्यवहाराची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. वडील येऊन विचारायचे, “माझ्या मुलाच्या खात्यात किती आहेत? मीच त्याचे खाते उघडून दिले होते.” मुलगा सज्ञान झालेला असेल, तर उत्तर एकच, “काका, त्याला घेऊन या.” यावरून मी बरीच बोलणी खाल्ली आहेत. एका गृहस्थांनी तर पुढे दोन वर्षे माझ्या घरच्या गणपतीला यायचे सोडले होते.

बँकेत आपण दोन तऱ्हेने वस्तू ठेवतो. पैसे ठेवले तर ती ठेव. ती बँक वापरते, कर्जाने देते, त्यावर कमावते आणि आपल्याला व्याज देते. ते रीतसर आहे, आपल्याला माहीत आहे. पण तुम्ही एक पाकीट लाखेने बंद करून ‘सेफ कस्टडी’त दिले, तर बँकेने ते फक्त सांभाळायचे. त्यात मृत्युपत्र आहे की जुने प्रेमपत्र, हे मॅनेजरने उघडून पाहायचे नाही, आणि मागाल तेव्हा जसेच्या तसे परत करायचे.

सोसायटीकडे दिलेला आपला नंबर ही ठेव समजायची की सेफ कस्टडी? माझ्या मते अडचण इथेच होते. पदाधिकाऱ्यांना वाटते, यादी संस्थेची आहे, तेव्हा संस्थेच्या भल्यासाठी ती वापरायला काय हरकत? यादीचा कागद संस्थेचा आहे हे खरे. त्यावरचा प्रत्येक नंबर मात्र ज्याचा त्याचा आहे. संस्था त्याची राखणदार आहे.

बँकेच्या परीक्षांना आम्हाला एक जुना इंग्लिश खटला हमखास असायचा. १९२४ सालचा, टूर्नियर विरुद्ध नॅशनल प्रॉव्हिन्शियल अँड युनियन बँक ऑफ इंग्लंड. टूर्नियर नावाच्या खातेदाराकडे बँकेचे काही थोडे पौंड थकले होते. हप्ते बंद झाले, तेव्हा मॅनेजरने त्याच्या घरचा पत्ता विचारायला तो काम करीत होता त्या कंपनीत फोन केला. काम फक्त पत्त्याचे होते. पण बोलता बोलता मॅनेजर सांगून बसला, की याचे खाते उचलीत आहे आणि हा शर्यतींवर पैसे लावतो असा संशय आहे. कंपनीने टूर्नियरची नोकरी पुढे चालू ठेवली नाही. अपील न्यायालयाने ठरवले, की खातेदाराची माहिती गुप्त ठेवणे ही बँकेची कराराने आलेली जबाबदारीच आहे. अपवाद चार : कायद्याने भाग पाडले तर, सार्वजनिक हिताचे कर्तव्य असेल तर, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी आवश्यक असेल तर, आणि खातेदाराची संमती असेल तर.

शंभर वर्षे झाली, तरी हे चार अपवाद आपल्या सोसायटीला जसेच्या तसे लावून पाहता येतात. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, निबंधकांना यादी द्यायची, हा कायदा. चौथ्या मजल्यावर गॅसचा वास येतोय आणि दाराला कुलूप आहे, तर नंबर काढून फोन करायचा, हे सर्वांच्या जिवाचे हित. मेंटेनन्सची वसुली हे संस्थेचे हित. बाकी सगळ्याला संमती. जाहिरातदाराची एक्सेल फाइल यातल्या पहिल्या तीन खणांत कुठेच बसत नाही. राहिली संमती, आणि ती अजून आपण कोणाकडे मागितलेली नाही.

‘पूर्वी डिरेक्टरीत सगळ्यांचेच नंबर असायचे’

हा मुद्दा मला बाकावर बसलेल्या माझ्याच मित्रांनी ऐकवला. खरे आहे. टेलिफोनची ती जाडजूड डिरेक्टरी नाव, पत्ता, नंबर सगळे सांगायची, आणि तीत नाव असणे हा मान होता. फोनसाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबलेला माणूस नाव छापून आल्यावर शेजाऱ्यांना पान उघडून दाखवायचा.

पण तो फोन भिंतीला जोडलेला होता. त्याच्यावर फार तर रॉंग नंबर यायचा. आजचा मोबाईल नंबर ही तुमच्या बँकेची, गॅसची, आधारची, विम्याची किल्ली आहे. ओटीपी त्याच्यावर येतो. पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकला, की बहुतेक वेळा खातेदाराचे नाव समोर येते. डिरेक्टरीतला नंबर म्हणजे दारावरची पाटी होती. आजचा नंबर म्हणजे कुलपावर कोरलेला किल्लीचा क्रमांक आहे.

दुसरे एक वाक्य नेहमी ऐकू येते, “माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही.” माझे लहानपण चाळीत गेले. दारे दिवसभर उघडी असायची, कोणाकडे आमटी काय केली हे वासावरून कळायचे. पण प्रत्येक खोलीत पलंगाखाली एक ट्रंक होती आणि तिला कुलूप होते. त्यात चोरीचा माल नव्हता. आईच्या दोन बांगड्या आणि घरची कागदपत्रे होती.

एकेक तुकडा निरुपद्रवी, जोडले की घात

आता त्या मसुद्यातली एक ओळ घ्या. नावे मनातली आहेत असे समजा. सदनिका क्रमांक अमुक, गृहस्थ वय ७६, पत्नी ७२, लग्नाचा वाढदिवस तमुक, मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूला, दोघांचेही मोबाईल नंबर. यातली एकेक गोष्ट आपण लिफ्टमध्ये सहज सांगतो. एका ओळीत छापली, की ती वाचणाऱ्याला काय सांगते? या घरात दोन म्हातारी माणसे एकटी राहतात, मुलाचा जीव टांगणीला लावला तर ती घाबरतील, आणि फोन कुठे करायचा ते हे.

पुढचा फोन तुम्हाला माहीत आहे. “आजोबा, मी तुमच्या मुलाचा मित्र बोलतोय, तो अडचणीत सापडलाय.” किंवा “तुमच्या नावाने पार्सल पकडले आहे, व्हिडिओ कॉलवरून हलायचे नाही, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.” अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, हे सगळ्यांनी पाठ करून ठेवा. पण फोन करणाऱ्याला आपले नाव, घर नंबर, मुलाचे गाव माहीत असते तेव्हा शिकलेला माणूसही गडबडतो. कॅशियर म्हणून हजारो नोटा पारखलेली माणसे अशा फोनपुढे हतबल झालेली मी पाहिली आहेत. त्यांना कोणी मूर्ख म्हणू नये. समोरच्याकडे माहिती होती म्हणून त्यांचा विश्वास बसला.

आणि स्मरणिका घरात राहत नाही. ती जाहिरातदारांकडे जाते, पाहुण्यांकडे जाते, पाच वर्षांनी रद्दीत जाते. आजकाल तिची पीडीएफ निघते, आणि पीडीएफला रद्दीवालाही परत आणू शकत नाही.

याखेरीज ज्यांना लपायलाच हवे अशीही माणसे आपल्यात असतात. सासरचा जाच सहन न होऊन माहेरी परतलेली मुलगी असेल. ऑफिसात त्रास देणाऱ्या माणसामुळे नंबर बदललेली एखादी ताई असेल. ती सभेत उभी राहून कारण सांगणार नाही, आणि सांगायला लागू नये. “माझा नंबर नको” एवढे म्हटले, की समितीने “का?” असे विचारू नये.

एका चुकीच्या आद्याक्षराचा प्रवास

यादी कशी फिरते, याचा एक अनुभव सांगतो. मी सभासद असलेल्या एका संस्थेत, तिचे नाव घेत नाही, यादी टाइप करताना तिथल्या कारकुनाने माझ्या वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरात ‘द’च्या जागी ‘ह’ घातला. मी दुरुस्ती सांगितली, ती झाली नाही, मीही मागे लागलो नाही. वर्षभरात त्याच ‘ह’सकट माझ्या नावाने पत्रे आणि मेसेज येऊ लागले. आधी यात्रा कंपनी. मग कानाच्या यंत्रांचे मोफत शिबिर. मग दूर कुठेतरी बिनशेती प्लॉट विकणारे. त्यानंतर शेअर बाजाराच्या टिप्स देणारे एक सल्लागार, ज्यांना माझ्या निवृत्तीचे वर्षही माहीत होते. ‘ह’ हा माझा साक्षीदार होता. जगात त्या एकाच यादीत मी ‘ह’ होतो.

मी त्या संस्थेच्या सेक्रेटरींना विचारले. ते सज्जन गृहस्थ, चहा पाजून म्हणाले, “अहो, आम्ही यादी फक्त यात्रा कंपनीला दिली. त्यांनी वर्धापनदिनाचा मांडव प्रायोजित केला होता.” ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी एकदाच दिली. पुढची तीन हस्तांतरे त्यांना न विचारता झाली, जसे पहिले मला न विचारता झाले होते. चेक हरवला तर पेमेंट थांबवता येते. दिलेल्या यादीचे पेमेंट थांबवायची सोय नाही.

मोफत आरोग्य शिबिरांकडेही या नजरेने पाहा. रक्तदाब तपासून घ्या, चांगलेच आहे. पण फॉर्मवर उत्पन्न आणि विमा पॉलिसीची मुदत विचारली असेल, तर रक्तदाबाशी त्याचा काय संबंध, हे विचारायला लाजू नका. आणि ज्ञातीच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत मुलीची जन्मवेळ, पगार, ऑफिसचे ठिकाण आणि मोबाईल नंबर छापून ती सभागृहाबाहेर टेबलावर विकायला ठेवतात, ते मला कधीच पटलेले नाही. नंबर मंडळाकडे ठेवावा, दोन्ही घरांनी होकार दिला की द्यावा. पूर्वीचे मध्यस्थ तेच तर करायचे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. कलम ३८ प्रमाणे संस्थेने सभासदांची नोंदवही ठेवायची : नाव, पत्ता, व्यवसाय, भाग, सभासद झाल्याची आणि सभासदत्व संपल्याची तारीख. मोबाईल नंबर त्या यादीत नाही. १९६० साली घरात फोन असणे हीच चैन होती. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ही नोंदवही पाहण्याचा हक्क आहे. तो कोणी काढून घेऊ शकत नाही. पण हा हक्क सभासदाचा आहे, जाहिरातदाराचा नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते आणि अर्ज केला तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. निवृत्तीनंतर काय करावे, असे विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो.

त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. गाभा सोपा आहे. कशासाठी माहिती घेता ते आधी सांगा, संमती मोकळेपणाने आणि त्या कामापुरतीच घ्या, ती परत घेणे देण्याइतकेच सोपे असू द्या, आणि काम संपले की माहिती पुसा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. सुरक्षिततेत कसूर झाली तर कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत लिहिला आहे. आपल्यावर तो बसेल म्हणून मी घाबरवत नाही, आपला तर सिंकिंग फंडही तिथवर पोचत नाही. पण संगणकात ठेवलेली आपली यादी या कायद्याच्या बाहेर आहे, असे कोणी समजू नये.

आपण काय करू शकतो

माझ्या सूचना थोडक्या आहेत, आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली. एका पानाचा फॉर्म काढू. त्यात तीन वेगळे चौकोन : आणीबाणीसाठी, सोसायटीअंतर्गत यादीसाठी, स्मरणिकेसाठी. रिकामा चौकोन म्हणजे नकार. गप्प बसणे म्हणजे होकार, असा अर्थ काढायचा नाही.

दुसरी. कोणी नंबर मागितला तर नंबर देऊ नका, निरोप पोचवा. बी विंगमध्ये गणिताच्या शिकवणीचे सर राहतात असे कळून बाहेरचे कोणी विचारायला आले, तर त्यांचा नंबर घ्या आणि सरांना द्या. सरांना वाटले तर ते फोन करतील. जाहिरातदारालाही तेच सांगा. तुमचे पत्रक आम्ही नोटीस बोर्डावर आठवडाभर लावू. ज्याला गरज असेल तो येईल.

तिसरी. गेटवरची वही. आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा त्यात नाव आणि नंबर लिहितो, आणि लिहिताना वरच्या दहा जणांचे वाचतो. वॉचमनने स्वतः लिहून घ्यावे आणि भरलेल्या वह्या कार्यालयात कुलपात ठेवाव्यात. ठरावीक काळानंतर त्या फाडून टाकाव्यात, रद्दीत विकू नयेत.

चौथी. झेरॉक्स. आधारची प्रत मागायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत घ्या. सभासदांनीही प्रत देताना तिच्यावर आडवे लिहावे, ‘फक्त सोसायटीच्या भाडेकरू नोंदीसाठी’, आणि खाली तारीख व सही. बँकेत क्रॉस केलेल्या चेकसारखाच तो प्रकार आहे.

पाचवी, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कमिटी बदलली की चार्ज द्या. बँकेत बदली झाली की किल्ल्या, शिक्के, रजिस्टर मोजून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे लागतात आणि दोघांच्या सह्या होतात. आपल्याकडे पंचवीस वर्षांत अनेक कमिट्या झाल्या. त्या प्रत्येकीची यादी कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमध्ये, जुन्या लॅपटॉपमध्ये, ई-मेलमध्ये आहे. कोणी वाईट म्हणून नव्हे, पुसायची राहिली म्हणून. जाणाऱ्या कमिटीने यादी सोपवावी, आपली प्रत पुसावी, आणि तसे लिहून द्यावे. फ्लॅट विकून गेलेल्यांचे आणि सोडून गेलेल्या भाडेकरूंचे नंबरही पुसावेत.

स्मरणिकेपुरते म्हणाल, तर नाव आणि सदनिका क्रमांक छापा. ते खालच्या नामफलकावर आपणच लावलेले आहे. नंबर फक्त फॉर्मवर होकार दिलेल्यांचे, आणि तेही वेगळ्या पत्रकात, सभासदांपुरते. गुणवंत मुलांच्या पानावर नाव आणि गुण असू द्यात, पण पालकांना विचारून. कितव्या क्लासला किती वाजता जातो ते नको. पूर्ण पानाची जाहिरात हुकली, तर जी तूट येईल त्यात माझा वाटा मी द्यायला तयार आहे. बाकीच्यांनीही खिशात हात घालावा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतातच. मग एवढी काळजी कशाला?*

दिसतात हे खरे. म्हणून नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेण्याआधी विचारावे, भाडेकरू गेला की त्याला काढावे, आणि ज्यांना ग्रुप नको त्यांच्यासाठी नोटीस बोर्ड चालू ठेवावा. एक खिडकी उघडी आहे म्हणून दार काढून ठेवायचे नसते.

*प्रश्न : उद्या कमिटीच्या कारभाराबद्दल आम्हाला इतर सभासदांशी बोलायचे असेल, तर कमिटी ‘खाजगीपणा’ म्हणून यादीच दाखवणार नाही. हे हत्यार त्यांच्याच हातात जाणार नाही का?*

आजचा सर्वांत चांगला प्रश्न. टाळ्या चेअरमनसाहेबांनीही वाजवल्या याची नोंद घ्यावी. सभासदांची नोंदवही पाहणे हा कलम ३२ चा हक्क आहे. खाजगीपणाचे कारण सांगून कमिटी तो नाकारू शकत नाही. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, आणि त्यासाठी सह्या गोळा करायला दारोदार जाता येते. नाव आणि सदनिका क्रमांक त्याला पुरतो. शिवाय, निरोप पोचवण्याचा नियम कमिटीलाही लागू. विरोधातल्या सभासदाचे पत्र सर्वांना पोचवायला तिने नकार देऊ नये. जो नियम फक्त कमिटीच्या सोयीने चालतो, त्याला मी खाजगीपणा म्हणणार नाही.

*प्रश्न (एक आजी) : मला रोज कर्ज घ्या म्हणून फोन येतात. मी काय करू?*

आजी, कर्ज घेऊ नका. आणि नातवाला सांगून १९०९ या क्रमांकावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची नोंद करून घ्या, बरेच फोन कमी होतात. पैसे गेले असे वाटले तर एक मिनिटही न थांबता १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. हे नंबर मात्र कोणालाही द्या, विचारायची गरज नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, मागच्या खुर्च्यांवरची मंडळीही उठून गेली नाहीत, याबद्दल आभार. चहा तयार आहे असे खूण करून सांगत आहेत.

(समितीची टीप : या भाषणानंतर झालेल्या सभेत ठरल्याप्रमाणे प्रस्तुत स्मरणिकेत सभासदांची नावे व सदनिका क्रमांक एवढेच छापले आहेत. जाहिरातदारांना कोणतीही यादी दिलेली नाही. कमी पडलेली रक्कम सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भरून निघाली. संमतीचे फॉर्म कार्यालयात सकाळी १० ते १२ या वेळेत मिळतील.)